सख्ख्या भावावर गोल

"थांब दादा, हँडल सोड. उलटं फिरलं तर हात मोडंल."

नाथाजी उसातून पळत आला. लालासाहेबानं घाम निथळत असतानाच पुन्हा एकदा इंजिनाचं हँडल फिरवलं. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. नाथाजीनं त्याला हळूच बाजूला सारलं, एकच हिसडा दिला, आणि विहिरीचं पाणी भसाभसा पाटात पडू लागलं.

बांधावर भाकरीची पाटी घेऊन उभी असलेली राहीबाई हसली. "आवं, त्ये भावजींच्या हातचं हाय. दुसऱ्या कुनाचं ऐकत न्हाई." मग तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून दिराला विचारलं, "भावजी, पानी आज खालच्या उसाला का वरच्या?"

ती सहज हसली होती, सहज विचारलं होतं. पण लालासाहेबाला ते दिवसभर टोचत राहिलं. जमीन दोघा भावांची होती, बायको त्याची होती. मग प्रश्न नाथाजीला का?

लालासाहेब मुंबईच्या एका मिलच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड होता. कागदावर तो विणकाम खात्यात होता. खरा पगार मिळायचा तो गोल मारण्याचा. कूपरेजच्या मैदानावर त्याच्या पायात बॉल आला की "लाला, लाला" असा गजर उठायचा. त्याची एक खोड ठरलेली होती. डावीकडे बघायचं आणि उजवीकडे मारायचं. भले भले गोलकीपर त्या नजरेला फसले. मग दिल्लीच्या एका सामन्यात गुडघा गेला. मिलनं त्याला फाटकावर पास तपासायला बसवलं. त्याच्या जागी आलेला नवा सेंटर फॉरवर्ड रोज खांद्यावर बूट टाकून त्याच्या समोरून आत जायचा आणि "काय लालाशेठ, बरं आहे ना?" असं विचारायचा. लालासाहेबानं ते वर्षभर सोसलं आणि चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात वळकटी घेऊन तो इस्लामपूरच्या बाजूला असलेल्या आपल्या गावी परतला.

गावात कुस्ती कळायची, फुटबॉल फारसा कुणाला कळत नव्हता. घरात तर त्याच्यावाचून काहीच अडलेलं नव्हतं. लग्नानंतर राहीबाई सासूच्या दुखण्यासाठी म्हणून गावी राहिली ती कायमचीच. आई गेली तेव्हा तो दिल्लीला खेळत होता. तिला शेवटचं पाणी धाकट्यानं पाजलं. आता कुठली म्हैस कधी व्याली, कुणाची बैलजोडी सांगून ठेवायची, डाळ किती भरडायची, हे सगळं राहीबाई आणि नाथाजी अर्ध्या शब्दात बोलायचे. लालासाहेब पाहुण्यासारखा ऐकत बसायचा. एकदा राहीबाईनं नाथाजीला न विचारता त्याच्या ताटात ठेचा वाढला, आणि ह्याला विचारलं, "तुमाला चालंल का?"

त्या शुक्रवारी रात्रीचं जेवण चाललं होतं. लालासाहेबानं एकदम विचारलं, "नाथा, तू लगीन का केलं न्हाईस रं?"

"ऱ्हाऊन गेलं." नाथाजी भाकरी मोडत म्हणाला. "तू तिकडं. आई हातरुनाला खिळलेली. घर कोन बघनार हुतं?"

"ऱ्हाऊन गेलं, का कुनी करू दिलं न्हाई?"

राहीबाईचा हात परातीतच थांबला. "काय म्हनायचं असंल त्ये सरळ म्हना."

ते त्याला म्हणता आलं नाही. तो म्हणाला, "वाटनी करू."

नाथाजीनं ताटातली भाकरी संपवली. मग हात धुऊन उठताना म्हणाला, "बरं. सोमवारी तलाठ्याकडं जाऊ."

रविवारी सांगलीत विश्रामबागेच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा सामना होता, आणि लालासाहेबाला मोठ्या मानानं बोलावणं होतं. गुडघ्याला पट्टी आवळून तो एकटाच निघाला होता. पण राहीबाई डोक्यावरून पदर घेऊन दारात उभी राहिली. "मी बी येनार. तुमी तिकडं जल्मभर काय करत हुता त्ये मला बघायचंय." नाथाजीही मुकाट्यानं मागून चालू लागला.

मैदानावर वेगळीच पंचाईत झाली होती. समोरच्या संघाचा गोलकीपर तापानं फणफणला होता आणि बदली कुणी नव्हतं. संयोजक हवालदिल झाले. लालासाहेबाची नजर मांडवाकडे गेली. तिथं नाथाजी हातवारे करून राहीबाईला काहीतरी समजावत होता आणि ती मान डोलावून ऐकत होती.

"माझा भाऊ हुबा ऱ्हाईल," लालासाहेब म्हणाला. "ल्हानपनी गोलात थांबायचा."

त्यात माया नव्हती. राहीबाईच्या डोळ्यांदेखत त्याला या माणसाला मातीत लोळवायचं होतं.

नाथाजीनं आधी नकारार्थी मान हलवली. मग थोरल्याचा चेहरा बघून धोतर वर खोचलं आणि अनवाणी गोलात जाऊन उभा राहिला. लोक हसले.

पहिला बॉल मिळताच लालासाहेबानं डावीकडे बघितलं आणि उजवीकडे सणसणीत फटका मारला. नाथाजी उजवीकडेच होता. त्यानं बॉल पंजानं बाहेर काढला. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. तीच नजर, तोच फटका, आणि नाथाजी बॉलावर आडवा पडलेला. हसणं थांबलं. "वा रं धोतरवाल्या!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. राहीबाईसुद्धा उठून उभी राहिली होती.

लालासाहेबाच्या अंगाची आग झाली. तेव्हा त्याला आठवलं. कृष्णेच्या वाळवंटात दोघं भाऊ खेळायचे तेव्हा त्याच्या नजरेला कधीही न फसलेला एकच माणूस होता. तो खेळ बघून साताऱ्याच्या शाळेनं दोघांनाही मागितलं होतं. बाप म्हणाला होता, एक जाईल, एक औत धरील. थोरला गेला.

खेळ संपत आला असताना बॉल अगदी मोकळा त्याच्या पायात आला. समोर फक्त नाथाजी होता. दोघांची नजरानजर झाली. लालासाहेबानं डावीकडे बघितलं. उजवीकडे मारला.

नाथाजीनं डावीकडे उडी घेतली.

"गोल!" सगळं मैदान उठलं. "लाला, लाला" असा तोच जुना गजर झाला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, गळ्यात हार घातला. वरून त्याला दिसलं, नाथाजी धोतराची माती झटकत होता.

संध्याकाळी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत तिघं बाकावर बसले.

"तू डावीकडं कसा गेलास?" लालासाहेबानं विचारलं.

"फसलो."

"तू? माझ्या नजरंला?"

"लय वर्सं झाली, दादा." नाथाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

राहीबाई हार मांडीवर घेऊन बसली होती. "किती मानसं वरडत हुती तुमच्या नावानं! भावजी सांगायचं मला. सनावाराला, पानी पाजताना, कवाबी. दादा असा मारतुया, दादा तसा मारतुया. मला खरं वाटायचं न्हाई."

नाथाजीनं पुढ्यातल्या भडंगाच्या पुडीला हात घातला आणि तोंड वाकडं करून मागे घेतला. उजवा पंजा सुजून टम्म झाला होता. राहीबाई पदर ओला करायला नळाकडे वळली.

"तू बस," लालासाहेब म्हणाला. त्यानं पँट वर सरकवली, गुडघ्यावरची पट्टी सोडली आणि भावाच्या बोटांना एकेक करून गुंडाळायला लागला. मिलच्या टीमसोबत हे काम त्यानं अनेकदा केलं होतं. पट्टी मनासारखी बसली तरी त्यानं हात लगेच सोडला नाही.

गाडी खचाखच भरून आली. दोघांपुरतीच जागा मिळाली. लालासाहेबानं राहीबाईला खिडकीशी बसवलं. तिच्या शेजारची जागा त्यानं हातानं अडवून धरली होती.

"दादा, तू बस. तुजा गुडघा..." नाथाजी म्हणाला.

"बस रं."

नाथाजी अंग चोरून बसला. गाडी सांगलीबाहेर पडली. राहीबाई आणि नाथाजी हळू आवाजात म्हशीचं बोलू लागले. लालासाहेब वरचा दांडा धरून, सगळा भार एका पायावर घेऊन, इस्लामपूर येईपर्यंत त्यांच्याजवळ उभा राहिला.