दोन ओळींची डबी

रक्ताच्या रिपोर्टावर लिव्हरचे दोनच आकडे ठळक छापले होते. एसजीपीटी एकशे अठरा, एसजीओटी शहाण्णव. शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं, चाळीसपर्यंत ठीक. तीस वर्षं काज-बटणं करून सुतासुताचा फरक ओळखणाऱ्या बाईला हा फरक कुणी सांगायला नको होता.

तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. लिव्हरचं नाव काढलं की लोक भलतंच समजतात, ही भीती चाचरत बोलून दाखवली.

"तू आणि दारू? ताई, तुला खोकल्याचं औषधसुद्धा चढतं."

दोघी हसल्या. मग तिकडे धाकटीला कुणी हाक मारली, फोन बंद झाला आणि घर पुन्हा गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद सावकाश वाचला. हे काही रोगाचं नाव नव्हे, म्हणाल्या; लिव्हरच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं रक्तात झिरपतं, तेवढंच यावरून कळतं. कशानं दुखावल्या ते शोधायचं. कावीळ झाली होती का, दारू घेता का, असं एकेक विचारत त्या रोजच्या गोळ्यांवर आल्या. तिनं पिशवीतून डबी काढली. सात वारांची, दोन ओळींची.

वरची ओळ कुणाची, असं बाईंनी विचारलं.

"ह्यांची. त्यांना जाऊन नऊ महिने झाले."

मग तिनंच हळूहळू सांगितलं. दर रविवारी डबी भरायची, हा अकरा वर्षांचा नेम. ते गेल्यावरही हात थांबला नाही. औषधवाला दोघांची पाकिटं एकत्र बांधून द्यायचा; नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शनिवारी वरची ओळ भरलेलीच दिसली की अन्नाच्या ताटाला न शिवता कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं. म्हणून ती त्यांच्याही गोळ्या घेऊ लागली. आधी त्यांची, मग आपली.

बाई रागावल्या नाहीत. "दोन्ही गोळ्या कोलेस्टेरॉलच्याच आहेत. त्यांची दुप्पट ताकदीची. सध्या दोन्ही बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू."

"उतरेल?"

"बहुतेक. नाही उतरलं तर पुढचं शोधू."

सहा आठवडे ती जीव मुठीत धरून राहिली. एसजीपीटी एकोणचाळीसवर आला, दुसरा आकडाही चाळीसच्या आत. तिची एकटीची गोळी कमी ताकदीनं सुरू झाली.

औषधवाल्यानं सवयीनं दोन पाकिटं काढली.

"एकच द्या."

"आणि काकांचं?"

"ते नाहीत आता."

दवाखाना सोडला तर घराबाहेर हे ती पहिल्यांदाच बोलली होती. औषधवाल्यानं मान खाली घालून दुसरं पाकीट परत खणात ठेवलं.

रविवारी तिनं खालची ओळ भरली. मग वरची सात झाकणं एकेक करून लावली. आत काही नव्हतं, तरी प्रत्येक झाकण बसताना तेवढाच आवाज झाला.