पाण्यावर पेटणारी शेगडी

"सरका जरा, लहान मुलांना पुढे येऊ द्या," असं म्हणत गावोगाव प्रवचनं करत फिरणाऱ्या ब्रदर रॉयसने पाण्याचा कॅन डोक्याच्या वर धरला आणि माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये दाटीवाटीने उभी असलेली माणसं एकदम गप्प झाली.

बाहेर गुडघाभर बर्फ होता. आत सगळ्यांच्या अंगाला तळलेल्या माशांचा वास येत होता, कारण ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते; तेव्हा मांस वर्ज्य, मासे चालतात, म्हणून आमच्या हॅझल क्रीक गावाच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी मासे तळतात आणि सोबत बीअर देतात. दोन पंगती उठतात. त्या वर्षी पंगतीतून उठलेली माणसं घरी न जाता अंगण ओलांडून थेट पप्पांच्या वर्कशॉपमध्ये शिरत होती. चमत्कार बघायला.

शेगडी पप्पांनीच बनवलेली. जुन्या गॅस सिलिंडरला खाली दार कापलेलं, आत ट्रकच्या ब्रेकचा जाडजूड ड्रम बसवलेला, मागून हवा मारायला मोडीतल्या गाडीचा पंखा आणि वर छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. भिंतीवरच्या टाकीतून तापलेल्या ड्रममध्ये थेंब थेंब तेल पडायचं. तेल आमच्याच कढईतलं. मासे तळणारी मी, जोलीन, आणि उरलेलं काळं तेल पिंपात भरून पोचवणारीही मीच. पप्पा ते आठवडाभर स्थिर ठेवत, जुन्या पँटच्या कापडातून गाळत आणि तळाशी बसलेलं पाणी आधी काढून टाकत. हाडं गोठवणाऱ्या थंडीत ते तिथे शर्टाच्या बाह्या वर सारून लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करत बसायचे. गावातली कुत्री त्यांच्या वासाने मागे मागे फिरत, तो भाग वेगळा.

"अल्विनचं तेल जळतंय, दिसतंय ना?" रॉयस म्हणाला. शेगडीच्या दारातून पिवळी, मंद ज्योत दिसत होती. "आता विज्ञान काय सांगतं? पाणी आग विझवतं. शाळेत आपण हेच घोकलं. पण माझ्या आईच्या शेतातला झरा काही शाळेत गेलेला नाही."

लोक हसले. त्याने कॅन खिळ्याला टांगला आणि तेलाच्या नळीशेजारी नव्याने बसवलेल्या बारीक नळीची तोटी जराशी फिरवली. पाण्याचा थेंब ड्रममध्ये पडला. फट् असा आवाज झाला, ज्योत पांढरीफटक होऊन दारापर्यंत उसळली आणि अख्खा सिलिंडर घुमायला लागला. पुढची रांग मागच्यांच्या पायांवर आली.

"तेल अर्धं, ऊब दुप्पट," रॉयस म्हणाला. "उरलेलं काम श्रद्धा करते. ज्याची श्रद्धा मोठी, त्याने तोटी मोठी सोडावी."

कोपऱ्यात झऱ्याच्या पाण्याचे कॅन रचलेले होते आणि त्यांच्या शेजारी दानाची टोपली. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, पुरुषांनी कॅन उचलले. जाता जाता जो तो पप्पांच्या पाठीवर थाप मारत होता. "अल्विन, तुझी जागा पावन झाली रे." पप्पा स्टुलावर बसून हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मला हे सगळं खोटं वाटत होतं, पण खोटं कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. त्यामुळे मी नाक मुरडलं आणि दुसऱ्या पंगतीचे मासे तळायला हॉलमध्ये परत आले. तीन शुक्रवार मी एवढंच करत होते.

खिडकीतून केर्मिट कुबियाक डोकावला. हा आमच्या गावचा, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. एका हातात बीअर होती.

"जो, मला एक पिंप तेल दे ना. माझी शेगडी तयार झाली. सेम टू सेम अल्विनसारखी, पाण्याची नळीसुद्धा बसवली. आज घरी गेलो की पेटवणार."

"गॅरेजमध्ये?"

"मग काय दिवाणखान्यात? वर पोरी झोपतात, त्यांच्या खोलीची फरशी उबदार राहील. आणि माझी श्रद्धा लहानसहान नाही हं, मी तोटी पूर्ण सोडणार."

मी हसले, आणि हसता हसता मासे कढईत सोडले. केर्मिटशी बोलण्याच्या नादात ते पुसायचेच राहिले होते. बर्फातून काढलेले, पाणी गळणारे. तेल एकदम खवळलं, फेस करत वर आलं आणि काठावरून बाहेर सांडलं. मी मागे उडी मारली. समोर भिंतीवर पप्पांच्या हातची जुनी पाटी होती. ते हॉलमध्ये मासे तळायचे तेव्हापासूनची. "तेलाजवळ पाणी आणाल तर हात मोडीन. अल्विन."

गावातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या पाटीखाली उभं राहिलेलं आहे. प्रत्येकाला तिथे मासा कोरडा करायला शिकवलेलं आहे. आणि तीच माणसं अंगण ओलांडून जळत्या तेलात पाणी सोडताना बघून हात जोडत होती. आणि रोज त्या पाटीसमोर तळणारी मी नुसतं नाक मुरडत होते. लाजेने माझे कान तापले.

गॅस बंद करून मी तशीच धावत वर्कशॉपमध्ये गेले. रॉयस बाहेर आपल्या गाडीतून कॅन काढत होता. पप्पा एकटेच होते.

"पप्पा, ते पाणी जळत नाही. नुसतं तेल उडवतंय."

"माहीत आहे," पप्पा म्हणाले.

"माहीत आहे म्हणजे?"

ते शेगडीकडे बघत म्हणाले, "त्याची गाडी माझ्या दारात बंद पडली होती. वेल्डिंग करेपर्यंत आत येऊन बसला. त्या दिवशी तेलात थोडं पाणी राहिलं होतं, ज्योत उसळली. त्याने विचारलं, हे काय? मी सगळं समजावून सांगितलं. रविवारी बघतो तर त्याच्या आईच्या शेतात झरा निघाला होता."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तुझी आई गेल्यापासून या दारातून कोण आलंय, सांग," पप्पा हळूच म्हणाले. "तू येतेस. पिंप ठेवतेस आणि जातेस. आता रोज कोणी ना कोणी कॉफी घेऊन येतं. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतंय."

मी खरंच पिंप ठेवून जात होते. पण हा आमच्या दोघांतला हिशेब होता, केर्मिटच्या पोरींचा त्यात काय दोष?

"केर्मिटनेही शेगडी बनवली आहे," मी म्हटलं. "गॅरेजमध्ये. वर पोरी झोपतात. आज रात्री तो पाण्याची तोटी पूर्ण सोडणार आहे."

पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुसरी पंगत उठली. माणसं आली, मुलं पुढे बसली, रॉयसने घसा साफ केला. "बंधूंनो, भगिनींनो, विज्ञान काय सांगतं?"

"मी सांगतो," पप्पा म्हणाले आणि स्टुलावरून उठले.

त्यांनी खिळ्यावरचा कॅन काढला, त्यातलं पाणी दाराबाहेर बर्फात ओतलं, मग केर्मिटच्या हातातली बीअर घेतली आणि कॅनमध्ये रिकामी केली.

"अरे, माझी बीअर," केर्मिट म्हणाला.

पप्पांनी कॅन टांगून तोटी जराशी फिरवली. फट्. ज्योत पांढरी झाली, दारापर्यंत उसळली, सिलिंडर घुमला. अगदी तस्संच.

मग रॉयस म्हणाला, "परमेश्वराची कृपा कशातूनही—"

"बीअरमध्ये कृपा असती तर हे गाव केव्हाच स्वर्गात गेलं असतं," पप्पा म्हणाले. लोक हसले, पण पप्पा हसले नाहीत. "नीट ऐका. जळतं तेल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. त्यात थेंब पडला की त्याची क्षणात वाफ होते. वाफेला थेंबापेक्षा हजारपट जागा लागते. ती तेलाला बारीक तुषारांसारखं वर उडवते. तुषारांना सगळीकडून हवा लागते, म्हणून ते भडकतात. जळतं ते तेलच. पाणी काही देत नाही, उलट वाफ व्हायला उष्णता खातं. टाकी लवकर रिकामी होते, मी रोज भरतोय ना."

"मग तू आधी का नाही बोललास?" मागून कोणीतरी विचारलं.

"हे त्याला मीच दाखवलं होतं," पप्पा म्हणाले. "तुम्ही सगळे येत होता. मला बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसलो."

त्यांनी सगळ्यांना अंगणात नेऊन लांब उभं केलं. बर्फावर लोखंडी तव्यात थोडंसं तेल पेटवलं आणि लांब बांबूला बांधलेल्या कपातलं पाणी त्यात ओतलं. आगीचा लोळ वर्कशॉपच्या छपराएवढा उठला. मुलं किंचाळली. केर्मिटने वळून आपल्या घराकडे, वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं, आणि तो बर्फातच खाली बसला.

रॉयसने आपले कॅन गाडीत भरले. कोणी त्याला अडवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही. त्याला शिव्या द्यायला तोंड कोणाला होतं? आपल्या हातातले कॅन लोक त्याच्या गाडीपाशी ठेवत होते आणि खाली मान घालून घरी जात होते.

पुढच्या शुक्रवारी वर्कशॉपमध्ये कोणी फिरकलं नाही. पप्पांची चूक लोकांना टोचत नव्हती, त्यांना एकमेकांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. मी दोन ताटं घेऊन गेले, मासे, राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर, आणि पप्पांसोबत तिथेच जेवायला बसले. थोड्या वेळाने केर्मिट आला. हातात त्याने कापून काढलेली पाण्याची नळी होती.

"अल्विन, तेल किती दिवस स्थिर ठेवायचं, ते नीट शिकव," तो म्हणाला. "आणि शेगडी मी गॅरेजमधून बाहेरच्या शेडमध्ये हलवतोय."

पप्पांनी त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

मी आज हे लिहितेय, कारण असा रॉयस तुमच्याही दारात येईल. त्याच्याकडे पाणी नसेल, भस्म असेल, ताईत असेल, नाहीतर कसलं तरी मशीन असेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याची वस्तू बाजूला ठेवा, तिच्या जागी घरातली साधी वस्तू घाला आणि तेच होतं का ते बघा. आम्हाला त्यासाठी फक्त एक बीअर लागली. ती पहिल्याच शुक्रवारी आमच्या प्रत्येकाच्या हातात होती.