लव्हाळ्यावरचं मंत्राचं पाणी

आमच्या भाजीच्या मळ्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्राने तण घालवतात म्हणून गावात मुक्कामाला आलेल्या तणबाबांनी आठवड्यापूर्वी मंत्राचं पाणी शिंपडलं होतं आणि रिकाम्या वाफ्यांतला लव्हाळा पिवळा पडून आडवा झाला होता. लोक हात जोडून बघत होते. बाबा सांगत होते, तणाला आपण नुसता दम दिला. लव्हाळ्याला कान कुठे असतात, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आईने असं पाहिलं की मी ते गिळलं.

तीन आठवड्यांत लव्हाळा पुन्हा हिरवागार. बाबांनी डोळे मिटून कारण शोधलं: नव्या सुनेचा पायगुण. आईने वहिनीशी बोलणं टाकलं. दादा खाली मान घालून जेवू लागला. वहिनी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने कुदळ उचलली. वीतभर खाली तिला एकमेकींना जोडलेल्या काळ्या गाठी सापडल्या. त्या घेऊन ती शेतकी शाळेतल्या बाईंकडे गेली.

बाबांच्या पुढच्या बैठकीत तिने त्यांची मंत्राच्या पाण्याची बाटली मागून घेतली आणि शेजारी आमच्या विहिरीच्या पाण्याची ठेवली. हिच्यावरही मंत्र म्हणा, अशी नम्र विनंती केली. भरल्या गर्दीत बाबांना नाही म्हणता येईना. मग सर्वांदेखत तिने दोन्ही बाटल्यांतलं पाणी घेवड्याच्या दोन कुंड्यांवर फवारलं.

चार दिवसांनी विहिरीच्या पाण्याचा घेवडा टवटवीत होता, बाबांच्या पाण्याचा करपला होता.

"मंत्र दोन्हींत होता," वहिनी म्हणाली, "तणनाशक एकाच बाटलीत."

बाबांनी तोवर मुक्काम हलवला होता.

पण मग लव्हाळा परत का आला? बाईंनी मळ्यात येऊन समजावलं. बाबांच्या औषधाने वरची पानं जळतात. गाठींवरचे डोळे मात्र खाली झोपलेले राहतात आणि पुढे फुटतात. म्हणून आधी संजीवक, म्हणजे वाढीला चालना देणारं औषध, देऊन डोळे जागे करायचे, कोंबांना भरपूर पानं आली की गाठींपर्यंत उतरणारं तणनाशक फवारायचं. एका फवारणीत सगळं संपणार नाही, हेही त्यांनी बजावलं. आम्ही अर्ध्या वाफ्यांत नुसतं तणनाशक मारलं, अर्ध्यांत दोन्ही. पुढच्या हंगामात नुसत्या तणनाशकाच्या वाफ्यांत लव्हाळा पुन्हा फुटला, दोन्हीवाल्या वाफ्यांत मात्र तो शोधावा लागत होता.

आई बांध उतरून वाफ्यात आली. मग वहिनीजवळ जाऊन म्हणाली, "माझं चुकलं, पोरी."

तुमच्याही दारात कुणी बाटली घेऊन आला, तर तिच्यात काय आहे ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कुणाला दोष देऊ नका.