पोकळ दांड्याचा कोबी

थोरल्याने निळ्या पावडरचं पाकीट दातांनी फाडलं आणि ड्रमवर उलटं करायला घेतलं, तेवढ्यात धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"त्यात नको टाकूस."

"का? दोन्ही औषधं एकत्र करून मुळं एकदाच बुडवायची नि लावून मोकळं व्हायचं. सारखं वाकायला माझी कंबर काय भाड्याची आहे?"

"दादा, ते बुरशीनाशक आहे. ड्रममध्ये जिवंत जिवाणू आहेत. सगळे मरतील."

"मेले तर मेले. त्यांना खांदा द्यायला माणसं जमवावी लागत नाहीत."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं असावं, कारण त्याने नजर ट्रेकडे वळवली. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. ट्रेमधल्या कोबीचं बी त्यांनीच टाकलं होतं. रोपं लावणीला येईपर्यंत ते राहिले नाहीत. रोपं आता ट्रेमध्ये मावेनाशी झाली होती, आज लावायलाच हवी होती. म्हणून धाकटीने सकाळी उठून बाबांच्या पद्धतीने गुळाच्या पाण्यात जिवाणू खत कालवून ठेवलं होतं.

"असू दे गं, करू दे त्याला त्याच्या मनासारखं," दारातल्या स्टुलावर बसून किडकी रोपं वेगळी काढणारी आई म्हणाली. "त्यांचं चुकलंच होतं शेवटी. स्वतःच म्हणायचे."

हेच धाकटीला सहन होत नव्हतं. माणूस गेला ते गेलाच, वर चुकीचा ठरून गेला. आणि आता त्याच्या माघारी घरातही तेच कायम होणार होतं.

मागच्या हंगामात घाऊक व्यापाऱ्याने भर गोदामात बाबांचे गड्डे चिरले होते. बाहेरून टणक, हिरवेगार. आत दांडा पोकळ, तपकिरी पडलेला. व्यापारी सुरी पुसत म्हणाला होता, "काय जिवाणूवाले, तुमच्या पाळीव मंडळींनी आतला माल फस्त केला वाटतं?" हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे हसले. बाबांनी गड्डे परत पोत्यात भरले. जिवाणूवाले हे नाव मात्र तेव्हापासून त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

मग बाहेरगावी राहणाऱ्या धाकटीला बाबांचे फोन सुरू झाले. "माझं मिश्रणच बिघडलं असेल का गं?" धाकटीने शोधून, वाचून सांगितलं होतं की जिवाणूंनी दांडा पोकळ होत नाही, बोरॉन कमी पडलं की होतो. हे सूक्ष्म अन्नद्रव्य भलतं नाजूक, जरा कमी पडलं तर दांडा पोकळ, जरा जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात. बाबा म्हणाले होते, "ते मला ठाऊक आहे. पण बोरॉन दोनदा फवारलंय. थोरल्याने फवारलंय." तिथे विषय संपला होता. मुलाच्या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या अनुभवावर संशय घेतला आणि शेवटपर्यंत घेत राहिले.

"सोड हात," थोरला म्हणाला. "पुस्तकं वाचून कोबी येत नाही, बाईसाहेब. जिवाणू काय, बोरॉन काय, सगळी थेरं. मागच्या वर्षी एक थेंब न फवारता गड्डे डोक्याएवढे झालेच की."

धाकटीने मनगट सोडलं.

"न फवारता?"

थोरल्याने पाकिटाची फाटकी कड दुमडली. मग परत उलगडली.

"पंपाचं नोझल चोंदलं होतं. ऊन मी म्हणत होतं. म्हटलं उद्या बघू. तोवर गड्डे धरले."

"आणि बाबांनी विचारलं तेव्हा?"

"झालं म्हटलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"गोदामातून आल्यावर तरी सांगायचंस."

"सांगून पोकळ दांडे भरून आले असते का?"

तिला वाटलं, अख्खा ड्रम उचलून याच्या डोक्यावर ओतावा. तिचा आवाज चढायच्या ऐवजी आणखी खाली गेला. "ते गुळाचं प्रमाण बदलत बसायचे. माती बदलून बघायचे. तू समोर बसून जेवत होतास, दादा. आईला सांग."

"घरातलं घरात राहू दे."

"आई घरातलीच आहे."

आईच्या हातातलं रोप तसंच राहिलं होतं. अंगण काही फार मोठं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. तरी ती थांबली, तो समोर येऊन सांगेपर्यंत थांबली. त्याने खाली बघत, अर्धं गिळत सांगितलं. आईने त्याच्या हातातून निळं पाकीट काढून घेतलं आणि स्टुलाखाली ठेवलं.

"आता व्यापाऱ्याकडे जाऊन हेच सांग," ती म्हणाली. "ते जिथे हसले ना, तिथे. आत्ता गर्दी असेल."

"आई, माझं नाक कापून घेऊ का चारचौघांत?"

"त्यांचं कापलंस तेव्हा मला विचारायला आला नव्हतास."

थोरल्याने आईकडे, मग बहिणीकडे पाहिलं. कोणी राहू दे म्हणालं नाही. मग त्याने खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली, आणि फाटक लोटून गेला.

धाकटी ड्रमपाशी बसली. एकेक जुडी उचलून मुळं पाण्यात धरू लागली. मन हलकं वगैरे काही झालं नव्हतं. बाबांना हे कळायला हवं होतं आणि ते आता कळणार नव्हतं. गोदामातल्या झाडून सगळ्यांना कळलं तरी नाही.

आई शेजारी येऊन ट्रेमधली रोपं ओढून काढू लागली. दोन रोपं मानेपाशी तुटली.

"आई, जरा हळू."

"तू कर हळू," आई म्हणाली आणि पुढची जुडी तशीच हिसकून काढली. "मला आत्ता जमणार नाही."