सरावाचा रुग्ण

आरोग्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक तास असतो. त्याला सगळे हसतात आणि त्यातच सगळ्यांची भंबेरी उडते. विद्यार्थ्याने रुग्णाशी बोलायचं, एवढंच. रुग्ण खरा नसतो. आसपासच्या गावांतली निवृत्त माणसं हौसेने येतात, एखादा आजार पाठ करतात, आणि मोबदल्यात त्यांना कॉफी आणि एक बिस्कीट मिळतं. दुसरं बिस्कीट मागायची इथे पद्धत नाही.

फेन्नाचं या तासाला नाव झालं होतं ते तिच्या नकलांमुळे. रुग्ण निघून गेला की ती सुरू व्हायची. पूर्वेकडच्या बीटच्या शेतांतली म्हातारी माणसं शब्द कसे गिळतात, मध्येच कशी खोकतात, दर वाक्याला 'बगा' कसं चिकटवतात, ते ती असं करून दाखवायची की तिचा गट हसून हसून लोळायचा. गटातली पोरं बहुतेक डॉक्टर-वकिलांची. राइनाउट नावाच्या मुलाच्या घरी तर आजोबांपासून सगळे शल्यविशारद. तू हे शिकलीस कुठे, असं तो विचारायचा आणि फेन्ना खांदे उडवायची. आपले वडील शेती सल्लागार आहेत, असं तिने सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे तिचा बाप हार्म जन्मभर दुसऱ्याच्या शेतातलं बीट काढत आला होता. नकलेतला आवाज त्याचाच होता, खोकल्यासकट.

लाज वाटत नव्हती का तिला? वाटायची. रविवारी घरी गेली की बापासमोर तिची मान वर होत नसे. पण सोमवारी कँटीनमध्ये या मंडळींनी तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली असायची, आणि ती खुर्ची तिला सोडवत नव्हती.

त्या दिवशी दार उघडलं आणि शिक्षिका अलाइदच्या मागोमाग हार्मच आत आला. अंगात लग्नाकार्याचा कोट, केस पाण्याने चापून बसवलेले. लेक शिकते ते ठिकाण त्याला एकदा बघायचं होतं, आणि तिला चकित करायचं म्हणून त्याने गुपचूप नाव दिलं होतं. ती दिसताच त्याचा चेहरा फुलला.

अलाइदने नेहमीचा नियम सांगितला. रुग्ण कुणाच्या ओळखीचा असेल तर आत्ताच हात वर करा, दुसरा देऊ, त्यात कमीपणा काही नाही. पाळी फेन्नाची होती. राइनाउट तिच्या कानाशी लागला, "तुझा नमुना आलाय बघ. आज मेजवानी आहे आपली."

फेन्नाचा हात मांडीवरून हलला नाही. मग ती उठली आणि तोच हात तिने बापापुढे धरला.

"नमस्कार, मी फेन्ना, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. आपल्याला काही प्रश्न विचारले तर चालेल ना?"

हार्मने त्या हाताकडे पाहिलं. मग मागे बसलेल्या पोरांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्याला उमगायला फार वेळ लागला नाही.

"चालंल की, बाई," तो म्हणाला. "इचारा."

त्याला धाप लागण्याचा आजार मिळाला होता आणि त्याने तो मन लावून पाठ केला होता. जिना चढताना काय होतं, रात्री किती उशा लागतात, सगळं त्याने चोख सांगितलं. फेन्ना त्याच्या कोटाच्या बटणाकडे बघत प्रश्न विचारत राहिली. शेवटी जो प्रश्न वगळता येत नाही तो आला. घरी कोण कोण असतं?

खरं तर त्याला दिलेल्या भूमिकेत बायको आणि दोन मुलगे होते.

"बायकू वारली," हार्म म्हणाला. "पोरंबाळं न्हाईत."

यातलं काहीच पाठांतरातलं नव्हतं, हे अलाइदखेरीज फक्त फेन्नाला कळलं. आई खरोखरच गेली होती, आणि लेक समोर बसली होती. मेले तर बरं, असं तिला वाटलं, आणि तरीही तिने पुढचा प्रश्न विचारला.

बोलणं संपलं की रुग्णाने सोंग उतरवायचं आणि आपल्याला कसं वाटलं ते विद्यार्थ्याला तोंडावर सांगायचं, अशी रीत आहे. त्यात आमच्याकडे कुणी भीडभाड ठेवत नाही. आता तुम्ही तुम्हीच आहात, मोकळेपणाने सांगा, असं अलाइद म्हणाली. फेन्नाचं अर्धं मन ओरडत होतं, सांगून टाक, एकदाची सोडव मला.

"लई अदबीनं बोलल्या बाई," हार्म म्हणाला. "आपण, आपण म्हनत व्हत्या. मला कुनी तसं म्हनत न्हाई." तो हसला. "फकस्त माझ्याकडं बघितलं न्हाई त्यांनी. आजारी मान्साला तेवढं लागतं बगा."

मागे राइनाउटने हसू दाबलं.

रुग्णाला बाहेरच्या दारापर्यंत पोचवायचं काम ज्याची पाळी त्याचं. व्हरांड्यात दोघंच होती. आपलंच चुकलं, आधी फोन करायला हवा होता, असं हार्म म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. दोस्तमंडळी चांगली मिळाली हो तुला, असंही तो म्हणाला. तेवढ्यात कॉफीसाठी निघालेला गट मागून आला. हार्मने घाईघाईने कोटाची बटणं लावली.

"बरंय, बाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "येतो मी. मन लावून शिका."

त्याची पाठ वळली आणि तिला राहवलं नाही.

"बा, थांब की," ती ओरडली. घरची बोली आपोआप तोंडात आली. "आसा जाऊ नगंस." मग ती गटाकडे वळली. "माजा बा हाय ह्यो. सख्खा बा."

राइनाउटला हसू फुटलं. "त्याच्या तोंडावर? फेन्ना, धन्य आहे तुझी." बाकीचे पोट धरून भिंतीला टेकले. इतकी झकास नक्कल तिने आजवर केली नव्हती. ती रडत खरं सांगत होती, पण शहरातला आवाज काही केल्या सापडेना, आणि तिच्या प्रत्येक शब्दाला हशा वाढत होता.

हार्म दारापाशी थांबला होता. त्याने हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मग लेकीकडे. इथे त्याचा आवाज सगळ्यांच्या चांगला ओळखीचा आहे, हे त्याला कळलं. कशामुळे, तेही कळलं.

"हुबेहूब करत्यात बाई," तो राइनाउटला म्हणाला. "अगदी माझ्यावानी."

आणि दार ढकलून तो बाहेर पडला.