शेवटच्या ओळीपासून वाचणारी फूटपट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे शोधू नका, ते केव्हाच पुसले गेले. मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे, पण रेघा मारणं मी सोडून दिलंय. मी वाक्यं सांभाळते. हसू आलं ना? येऊ द्या, मलाही आधी आलं होतं.

सुताराच्या कारखान्यात मला कापलं, तासलं आणि गठ्ठ्यात बांधून एका शाळेत पाठवलं. तिथे इंग्रजीच्या बाईंनी मला उचललं. त्यांनी मला कधी कुणाच्या हातावर मारलं नाही, हे मी अभिमानाने सांगते. पाठ मात्र खूप खाजवली, स्वतःची! निवृत्त झाल्यावर त्या घरी संशोधकांचे इंग्रजी लेख तपासू लागल्या. त्यांची रीत जगावेगळी होती. शेवटच्या वाक्याखाली मला आडवं ठेवायचं, ते वाचायचं आणि मग एकेक वाक्य वर सरकायचं.

"सुरुवातीपासून वाचलं की मन अर्थामागे धावतं आणि चुका राहून जातात," असं बाई म्हणायच्या.

पुढे घरात कॉम्प्युटर आला. चुकलेल्या शब्दाखाली तो आपणहून लाल रेघ ओढायचा. मग मला कोण विचारतो? मी कपाटामागे जाऊन पडले. अडकलेली खिडकी उघडायची असली की तेवढी माझी आठवण व्हायची. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी बाईंची भाची रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. मधमाश्यांच्या रोगावर तिने कित्येक वर्षं राबून प्रबंध लिहिला होता. परीक्षकांनी तो दुसऱ्यांदा परत पाठवला होता. काम चांगलं आहे, पण इंग्रजी समजत नाही, आता ही शेवटची संधी, असं त्यांनी कळवलं होतं.

"मावशी, कॉम्प्युटर तर सगळं बरोबर म्हणतोय गं!"

"माझे डोळे आता साथ देत नाहीत. तूच मोठ्याने वाच. आणि आधी ती पट्टी शोध."

भाचीने मला ओढून काढलं, बाहीने पुसलं आणि शेवटच्या पानावर ठेवलं. काय सांगू, अंगात जीव आला! बाई डोळे मिटून ऐकत होत्या. एका वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. याचा अर्थ सांग बघू."

"रात्रभर पेटीत कोंडून ठेवल्यावर संशोधकांनी माश्या मोजल्या."

"पेटीत कोण होतं?"

"माश्या!"

"तुझ्या इंग्रजी वाक्यात तर संशोधक, म्हणजे तूच होतीस की गं!"

भाची आधी लाजली, मग पोट धरून हसली. त्यानंतर चुका तिला स्वतःलाच दिसू लागल्या. कर्ता एक आणि क्रियापद अनेकांचं. प्रयोग भूतकाळात सुरू झालेला आणि मधेच वर्तमानकाळात शिरलेला. काही वाक्यं तर इतकी लांब, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. तीही तिने तोडली. मधेच एकदा वैतागून तिने मला बाजूला सारलं.

"मला नाही जमणार हे."

"माश्या चावल्या तेव्हा पळाली नाहीस, आणि आता वाक्यांना घाबरतेस?" बाई म्हणाल्या.

भाचीने मला परत जागेवर ठेवलं.

प्रबंध मंजूर झाला! ती बातमी सांगायला आली, तेव्हा तिच्या हातात एक नवी, चकचकीत स्टीलची पट्टी होती. आता पुन्हा कपाटामागे!

"मावशी, ही तुला. जुनी मला देशील? मला आता कॉलेजात मुलांना शिकवायचंय."

बाई माझ्या कडेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. "पाठीला गार लागेल गं ही नवी," एवढंच म्हणाल्या आणि मला तिच्या हातात दिलं.

आता मी भाचीच्या टेबलावर सुखात आहे. परवा एक विद्यार्थिनी मला सरकवत वाचत होती. अचानक ती स्वतःच म्हणाली, "थांबा, इथे चुकलंय माझं." भाचीने तोंडातून शब्दही काढला नव्हता. मला बाईंची फार आठवण आली.

म्हणून सांगते मित्रांनो, लिहिलेलं कुणाच्या हाती देण्याआधी एकेका ओळीखाली काहीतरी ठेवा, मोठ्याने वाचा, आणि कुणी काय केलं ते स्वतःला विचारा. आणि हो, आमच्यासारख्या जुन्या पट्ट्यांनी खिडक्या उघडू नका. कडा तुटतात, दुखतं हो!