मेलेल्या नटीला हाळी

कुडपणचं धुकं एवढं दाट, की म्हशी त्याचे लचके तोडून सावकाश रवंथ करतात आणि दोरीवरची लुगडी बायकांना चाचपून शोधावी लागतात. त्यात कुणी वाट चुकलं की प्रयागबाई पडवीतून हाळी घालायची. मग चुकलेलं माणूस त्या आवाजाला धरून घरी यायचं.

ती हाळी टिपायला वल्लरी पोलादपूरहून वर चढून आली होती. मालिकांतलं काम सोडून ती प्रवासाचे कार्यक्रम करत हिंडत होती. पण स्वतःचा म्हणावा असा हा पहिलाच माहितीपट. हाळी नाही, तर माहितीपट नाही.

तिला बघताच प्रयागबाईने दार अर्धं लोटलं.

"तू मेलीस ना गो? कड्यावरनं पडलीस. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. गावानं आंघोळी केल्या!"

"आजी, मालिकेतली ती सून मेली. मी वल्लरी. मी फक्त काम सोडलं."

"मेलेली सगळी असंच सांगतात."

"माझी सावली बघा हवं तर!"

धुक्यात सावली कुठली पडायला? वल्लरीने चहा पिऊन दाखवला.

"भुतं बशीसकट गिळतात, ही नुसता चहा पितेय," प्रयागबाईचा दीर सोनबा मिशीत हसला. "घाल की वहिनी एक हाळी."

"मेलेल्याला हाळी घालायची नाय, भावजी. जन्मभर पाठी लागतं."

हाळी मिळेना, तशी वल्लरी कॅमेरा चालू ठेवूनच धुक्यात बाहेर पडली. आधी तिची पावलं दिसेनाशी झाली, मग हात. कुठेतरी खाली आभाळ वाहत असल्यासारखं वाटत होतं. त्या सुनेनंतर लोकांनी आपल्याला आपल्या नावाने कधी हाक मारली? खरंच मेलो की काय आपण? एवढ्यात पाय घसरला.

"आई गं! पडले, पडले!"

धुक्यापलीकडून प्रयागबाई कडाडली, "ऐकलंत भावजी? मेलेलं माणूस पडायला भ्यायचं होय? जिती हाय पोर!" आणि मग लांब, उबदार, डोंगराला वळसा घालून आलेली हाळी: "वल्लरी गोऽऽ! येऽऽ!"

वल्लरी त्या आवाजाला धरून तरंगत पडवीत आली. कॅमेऱ्यात मात्र नुसतं पांढरं.

"आजी, परत एकदा घालता? तुम्ही दिसलाच नाहीत."

"आलेल्या माणसाला परत कशाला बोलवू?"

वल्लरीने माहितीपटात तेवढंच ठेवलं: पांढरा पडदा आणि हाळी. महाडच्या सभागृहात ती हाळी घुमली, तसा मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि "आलो गो!" म्हणत पडद्याकडे चालू लागला. त्याच्यामागून अर्धं सभागृह.